बाप रे! ही हाक कुणाला?

५ ऑगस्ट १७७५ या दिवशी कोलकात्यात महाराजा नंदकुमार यांना फाशी दिली गेली. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणाऱ्या या माणसाला त्याच वर्षी, काही महिन्यांच्या आत, खोट्या दस्तऐवजाच्या जुन्या प्रकरणात फासावर चढवले गेले, आणि त्यावरून उठलेला वाद विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. त्या वादात एका इंग्रज कॅप्टनची साक्ष आहे. फास आवळला त्या क्षणी आठ-दहा हजारांचा जमाव 'आ बाप रे' असे ओरडत एकदम पांगला आणि शेरीफ, त्याची माणसे व थोडे युरोपीय बघे एवढेच तिथे उरले, असे तो सांगतो. हे शब्द म्हणजे काय, याचा खुलासाही त्याने केला आहे. काही भयंकर दिसले किंवा फार दुखले की इथले लोक असे ओरडतात. त्याच काळातल्या आणखी एका इंग्रजी मजकुरात या खुलाशाला वेगळाच रंग चढतो. घर पेटले, थोबाडीत बसली, चिनी मातीचे भांडे फुटले, बोट कापले, दोन गोरे ठोसाठोशी करताना दिसले किंवा कुणी चिमणी मारली, तरी हे लोक 'आ बाप रे' म्हणतात, असे तिथे म्हटले आहे. फासाभोवतीच्या हजारो माणसांच्या तोंडून निघालेला शब्द असा चिमणीच्या आणि फुटक्या भांड्याच्या पंक्तीला नेऊन बसवला, की जमावाला त्या क्षणी काय वाटले हा प्रश्नच उरत नाही. उद्गाराचा अर्थ कुणी कसा लावायचा, हा प्रश्न इतका निरुपद्रवी नाही, हे दाखवण्यासाठीच या प्रस्तावनेचा आरंभ फाशीपासून केला आहे.

हे दोन्ही उतारे आज मिळतात ते 'हॉबसन-जॉबसन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या कोशात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातले देशी शब्द त्यात जमा केले. बर्नेल १८८२ मध्ये वारले, कोश १८८६ मध्ये बाहेर पडला, आणि विल्यम क्रुकने त्याची दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये काढली. या कोशात 'बॉबरी बॉब!' असा एक उद्गार नोंदलेला आहे. आपले 'बाप रे बाप' गोऱ्या शिपायाच्या आणि साहेबाच्या तोंडी पडून असे झाले. त्यातूनच 'बॉबरी' हे इंग्रजी नाम निघाले, आणि त्याचा अर्थ गोंगाट, दंगा, बखेडा. तरुण अधिकारी कोल्ह्यांच्या शिकारीला भलत्यासलत्या जातींच्या कुत्र्यांचा जो कळप घेऊन जात त्यालाही 'बॉबरी पॅक' म्हणत. कोशाचे नावही असेच जन्मलेले आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश इंग्रजी कानांनी 'हॉबसन-जॉबसन' असा ऐकला. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. मूळ शब्द ही कुणाला तरी मारलेली हाक होती. ऐकणाऱ्याला हाक ज्याला मारली तो दिसला नाही, नुसता आवाज ऐकू आला, आणि त्याने त्या शब्दाचा अर्थ 'आवाज' असाच करून टाकला.

पुढील पानांत मराठीतले आश्चर्याचे उद्गार बोलीवार मांडले आहेत. त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याविषयी एकच मुद्दा मांडायचा आहे. आश्चर्याचा उद्गार ही मुळात हाक असते. त्याचा उगम शोधायचा तर त्याच्यामागे कुठली गोष्ट घडली हे न शोधता तो कुणाला हाक मारतो हे शोधावे.

आपल्या शालेय व्याकरणाने हे शोधणे अवघड करून ठेवले आहे. केवलप्रयोगी अव्ययांचे प्रकार पाठ करताना मुलगा हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक अशी यादी म्हणतो आणि शेवटी कुठेतरी संबोधनदर्शक येते. 'अबब', 'बापरे', 'अगंबाई' एका खणात. 'अरे', 'अगं', 'अहो' दुसऱ्या खणात. वास्तविक 'अगं बाई' मधला 'अगं' आणि दाराशी उभ्या शेजारणीला मारलेल्या हाकेतला 'अगं' हा एकच शब्द आहे. 'बाप रे' मधला 'रे' आणि 'काय रे' मधला 'रे' यांत तिळाएवढा फरक नाही. आगरी-कोळी बायकांच्या 'गो बाय' मधला 'गो' हाही रोजच्या हाकेतलाच. म्हणजे ज्या शब्दांना आपण आश्चर्यदर्शक म्हणतो त्यांतल्या फार मोठ्या भागाच्या अंगावर संबोधनाची खूण उघड गोंदलेली आहे. ती दिसेनाशी झाली याचे निम्मे कारण लेखनात आहे. 'बाप रे' हे 'बापरे' असे जोडून छापण्याची सवय लागली आणि एका माणसाला मारलेली हाक हे तीन अक्षरांचे अव्यय झाले. इंग्रजांनी 'बॉबरी' करताना जे केले, तेच आपण कमी प्रमाणात आपल्याच घरी करत आहोत.

हाकेच्या बाजूने आणखी बारीक पुरावा आहे. वडिलांना आज कुणीही मराठी माणूस 'ए बाप' म्हणून हाक मारणार नाही. तो उद्धटपणा होईल. बाबा, अण्णा, दादा, तात्या, आबा, हल्ली पप्पा, अशी हाक असते आणि तिच्याबरोबर बहुधा 'अहो' असतो. तरीही आश्चर्याच्या क्षणी जो शब्द बाहेर येतो तो 'बाप' आणि त्याला लागतो तो एकेरी 'रे'. हा आजचा शिष्टाचार नाही. 'बाप' हा शब्द तोंडावर, लाडाने किंवा काकुळतीने हाक म्हणून सरळ वापरला जात होता त्या काळातली ही हाक आहे. ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला 'बापा' म्हणतो. तिथे अर्जुन कुणाचा बाप नाही, ते प्रेमाचे संबोधन आहे. आजही लहान मुलाला 'नको रे बाबा' म्हणताना आई त्याला बाबा करते. वऱ्हाडात 'काय सांगू बाप्पा' म्हणताना समोर वडील नसतात आणि गणपतीही नसतो. संबोधन म्हणून वापरलेला नात्याचा शब्द नाते सोडतो आणि जवळीक तेवढी ठेवतो. आश्चर्यात नेमके तेच होते. जे समोर आले ते एकट्याने पेलवणारे नसते, म्हणून जवळचे कुणीतरी बोलावले जाते. ते खरोखर येईल अशी अपेक्षा नसते.

यावर पहिला आक्षेप वाक्प्रचारांचे अभ्यासक घेतील. आश्चर्य दाखवणारे मराठी वाक्प्रचार म्हणजे तोंडात बोट घालणे, आ वासणे, चाट पडणे, थक्क होणे, अवाक होणे. यांत हाक कुठे आहे? उलट यांत वाचाच बंद पडलेली आहे. आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे मुद्दा अधिक नेमका करता येतो. हे सगळे वाक्प्रचार दुसऱ्याच्या आश्चर्याचे वर्णन करतात, किंवा आपल्याच आश्चर्याचे नंतर केलेले. आश्चर्य घडत असताना कुणीही 'मी तोंडात बोट घालतो' असे म्हणत नाही. तो म्हणतो 'अरे बाप रे'. वर्णनाची भाषा आणि क्षणाची भाषा वेगळ्या असतात. त्यांची वंशावळही वेगळी. तोंडात बोट घालणे हा अभिनय आहे, आणि तो आपल्या एकट्याचा नाही. फारसीत आश्चर्यचकित माणसाला तोंडाशी बोट नेलेला असे म्हणतात आणि इराणी व मोगल लघुचित्रांत अद्भुत काही पाहणारी माणसे ओठांवर बोट ठेवून उभी असतात. 'भुवया उंचावणे' तर इंग्रजी वर्तमानपत्रांच्या वळणाने कालपरवा आलेले आहे आणि त्यात आश्चर्यापेक्षा नापसंती जास्त आहे. वा. गो. आपटे यांच्यापासून दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'पर्यंत मराठीत या वर्णनाच्या भाषेची उत्तम नोंद झाली. क्षणाची भाषा मात्र व्याकरणाच्या शेवटच्या प्रकरणात पाच-सहा उदाहरणांवर भागवली गेली. हा संग्रह तेवढ्यासाठी हवा होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाक हे आश्चर्याचे मूळ असेल तर शपथेचे काय करायचे? इंग्रजीकडे पाहिले तर तिथले आश्चर्याचे उद्गार बहुतेक शपथेतून आलेले आहेत. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही बायबलमधली आज्ञा, आणि तिच्या जोडीला कायदाही. १६०६ च्या कायद्याने इंग्लंडात रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्याला दहा पौंड दंड ठेवला. नाव घ्यायचे तर आहे आणि घेता येत नाही, अशा कोंडीतून इंग्रजीत मुखवटे घातलेले शब्द तयार झाले. 'गॉश' आणि 'गॉली' यांच्यामागे 'गॉड' आहे, 'जी' मागे 'जीझस', 'क्रायकी' मागे 'क्राइस्ट'. 'ग्रेट स्कॉट' या प्रसिद्ध उद्गाराविषयी गोष्ट सांगतात की अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला सरसेनापती असलेल्या, अंगाने अवाढव्य अशा जनरल विनफील्ड स्कॉटवरून तो निघाला. गोष्ट चांगली रंगते, पण त्याच साच्यातले इतके उद्गार देवाच्या नावाला झाकण घालून झालेले असताना याच एकाला सेनापती शोधायची गरज नाही. 'ग्रेट गॉड' चा शेवट बदलला की काम होते. उद्गारामागे गोष्ट लावण्याचा मोह इथे सगळ्यांत सहज दिसतो.

मग मराठीतले 'आईशप्पथ' ही शपथच नाही का? आहे. 'देवाशप्पथ' हीही. 'आयला', 'च्यायला', 'मायला' या तर हाका नाहीतच. ती शिव्यांची शेपटे कापून उरलेली चतुर्थी विभक्तीची रूपे आहेत. इथे आपला मुद्दा मागे घ्यावा लागतो का? मला तसे वाटत नाही, पण त्याला मर्यादा घालून घ्यावी लागते. मराठी आश्चर्याचे दोन उगम मानावे लागतात, एक हाकेचा, मोठा आणि जुना. दुसरा शपथेचा आणि शिवीचा. दुसऱ्या उगमातही मराठी कुठे झाकण घालते ते पाहिले की फरक कळतो. इंग्रजीने देवाचे नाव झाकले. मराठीला देवाचे नाव झाकावेसे कधी वाटले नाही. 'अरे देवा', 'राम राम राम', 'विठ्ठला' हे आपण मोकळेपणी म्हणतो, घरातली सगळ्यांत सोवळी आजीही म्हणते. मराठीने झाकले ते आईबद्दलचे क्रियापद. आधीच्या सर्वनामाचा आरंभ गेला, 'आईला' नंतरचे सगळे गेले, आणि उरलेले 'च्यायला' माणूस विस्मयाने म्हणू शकतो. ज्याला हात लावायचा धीर होत नाही तेच भाषा कापून टाकते. या कापणीच्या जागा दोन भाषांत वेगवेगळ्या आहेत, आणि त्या दोन समाजांच्या भीतीच्या जागा आहेत.

कोकणातला 'आवशीचो घो' या वादात निर्णायक साक्षीदार म्हणून उभा करण्यासारखा आहे. ऐकणाऱ्याला ती शिवी वाटते, आणि ती रागाने वापरलीही जाते. २०१० मध्ये महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावावरून वाद पेटला, तेव्हा कोकणाबाहेरच्या अनेकांना प्रथमच कळले की 'घो' म्हणजे नवरा. आता शब्दाचा सरळ अर्थ लावून पाहा. आवशीचो घो, म्हणजे आईचा नवरा. म्हणजे बापच! जी अभिव्यक्ती सगळ्यांत असभ्य म्हणून कोर्टकचेरीच्या गोष्टी निघाल्या, तीही वळसा घेऊन त्याच माणसाच्या दाराशी येते ज्याला कोलकात्याच्या जमावाने हाक मारली. शिवीचा आणि हाकेचा उगम वेगळा असला तरी दोन्ही प्रवाह घरातल्या दोन माणसांभोवतीच फिरतात, आई आणि बाप. पलीकडे गोव्यात ख्रिस्ती घरांतून 'सायबा भोगोस' ऐकू येते, प्रभू क्षमा कर. तिथेही समोर कुणीतरी आहे, त्याच्याशी बोलणे चालू आहे.

तिसरा आक्षेप असा की यात मराठीचे विशेष काय? 'बाप रे' हिंदीत आहे, बंगालीत आहे. कोलकात्याचा जमाव काही मराठी नव्हता. कानडी आणि तेलुगू माणूस 'अब्बा' म्हणतो, तमिळ माणूस 'अय्यो' म्हणतो, इटालियन माणूस आईला बोलावतो. हा आक्षेप नसून पाठिंबा आहे. मालकी सांगण्याचा इथे हेतू नाही. 'अय्यो' २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात गेला. 'बॉबरी'नंतर दीडदोन शतकांनी आणखी एक हाक इंग्रजीने घेतली, आणि या वेळी तिचा चेहरा न पुसता घेतली, हे चांगलेच झाले. मराठी बायकांचा 'अय्या' हा द्राविडी 'अय्य'चा, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला असलेल्या आदरार्थी शब्दाचा नातेवाईक असावा, असे कर्नाटकाशी असलेला शेकडो वर्षांचा शेजार पाहता मला पटते. पण उच्चारसाम्य हा कच्चा पुरावा असतो हे विसरू नये. पाली सुत्तनिपातात 'अबब' हे एका नरकाचे नाव आहे. आपल्या 'अबब'शी त्याचे ध्वनिसाम्य शंभर टक्के आहे, आणि म्हणून कुणी उद्या त्या नरकातून आपला उद्गार काढून दाखवील. तिथे थांबावे. 'अबब' सारखा ओठ मिटून उघडण्याचा आवाज माणसाच्या तोंडून कुठेही, कितीदाही, नव्याने निघू शकतो. 'बाप रे'चे तसे नाही. त्यात नाम आहे, संबोधनाचा 'रे' आहे, आणि रोजच्या बोलण्यात त्याचे भाऊबंद जिवंत आहेत. व्युत्पत्तीत असा पुरावा लागतो.

हे सगळे नवी मुंबईत बसून का लिहावे, असे कुणी विचारील. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. आखताना रस्ते, सेक्टर, रेल्वे यांचा विचार झाला. बोलींचा विचार करायचे कुणाला कारण नव्हते. पण मराठीच्या इतक्या बोली इतक्या थोड्या चौरस किलोमीटरात एकमेकींच्या कानावर पडतील अशी दुसरी जागा सापडणे कठीण. दिवाळे, सारसोळे, घणसोली, जुहूगाव ही आगरी-कोळ्यांची गावे इमारतींच्या मध्ये तशीच उभी आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आई एकविरा आहे, 'गो बाय' आहे. मशीद बंदर, भायखळा इथले घाऊक बाजार १९८१ पासून टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले, त्यांच्याबरोबर सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना ओळख दिली त्या माणसांचा 'आयला' कांद्या-बटाट्याच्या गोणीबरोबर इथे उतरला. नेरूळ, बेलापूरच्या कार्यालयांत विदर्भाचा 'बाप्पा' आणि मराठवाड्याचा 'अगं माय' एकाच टेबलाशी जेवतात. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाल्यावर कोकणातून मुंबईत गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी खाडी ओलांडून आली आणि तिने आपला 'घो' बरोबर आणला. दुसऱ्या पिढीत या बोली झिजतात. वाक्यरचना शाळेची होते, 'न' चा 'ण' होतो, 'ल' चा 'ळ' होतो. सर्वांत शेवटी झिजतो तो उद्गार, कारण तो विचार करून बोलला जात नाही. प्रमाण मराठीत मुलाखत देणारा माणूस जिन्यावर पाय घसरला की आपल्या गावच्या आईला किंवा बापाला हाक मारतो. बोलीचा नमुना घ्यायचा तर तो क्षण पकडावा.

तरुण मुले 'ओ माय गॉड' म्हणतात, 'वॉव' म्हणतात, मग हे जुने उद्गार जपून करायचे काय, हा शेवटचा आक्षेप. त्यात खेद असेल तर तो मी समजू शकतो, घाई असेल तर नाही. मराठी मुलगी मैत्रिणीला 'अगं, ओ माय गॉड!' म्हणते तेव्हा 'गॉड' इंग्रजीतला आणि 'अगं' आपला असतो. इंग्रजी उद्गाराला समोर कुणी माणूस लागत नाही. तिला लागतो, म्हणून ती 'अगं' जोडते. मराठी उद्गाराची घडण शब्दांपेक्षा खोल आहे, हे यापेक्षा चांगल्या पुराव्याने सांगता येणार नाही. पण घडण टिकली म्हणून शब्द गेले तरी चालेल असे नाही. 'गो बाय' गेला की हाक मारायला एक बाय कमी होते. ती कोण होती, कुठल्या गावची, तिला 'गो' का म्हणत, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका आज करावे, शिरवणे, दिवाळे इथे आहेत. त्यांच्या सुनांना हे उद्गार माहीत आहेत, नातींच्या तोंडी ते क्वचितच येतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात सगळ्यांत वयस्कर जे कुणी असेल, त्यांच्या तोंडून धक्का बसताच, हातातले भांडे पडताच, न कळवता पाहुणे आले की पहिला शब्द कोणता निघतो तो ऐकावा आणि जसा ऐकू आला तसा, शुद्ध न करता, लिहून ठेवावा. त्यांचे मूळ गाव आणि तालुका शेजारी लिहावा. तो शब्द स्त्रिया म्हणतात की पुरुष, की दोघेही, हेही. आणि लिहिताना 'बाप' आणि 'रे' तोडून लिहावे.